मिशनच्या पेटीतल्या काचा : आधी नावं, मग स्कॅन

जुन्या फोटोंची ट्रंक जूनमध्ये उघडू नका. पुण्यात पाऊस लागला की घरातलं मीठ ओलं होतं, पापड सादळतात. त्याच हवेत फोटोच्या जुन्या काचेवरचा जिलेटिनचा थर, ज्यात चित्र असतं तो, चार-आठ दिवसांत ओल धरतो आणि मग बुरशी यायला वेळ लागत नाही. दिवाळी उलटली, स्वेटर बाहेर निघाले, की बसा. डिसेंबर ते फेब्रुवारी हेच ह्या कामाचे महिने. मी माझ्या आत्याची ट्रंक भर ऑगस्टात उघडली होती, कारण ती गेल्यावर तिची खोली रिकामी करून द्यायची घाई होती. त्या घाईत अकरा काचांवर बुरशी चढली. ती आजही दिसते.

आत्या मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात शिकलेली नर्स. नोकरी सगळी पुण्यात झाली, पण रजा मिळाली की मिरज. तिच्या आधी माझी आजी त्याच हॉस्पिटलात वॉर्डात कामाला होती. साठच्या दशकात तिथली एक अमेरिकन सिस्टर कायमची मायदेशी निघाली, तेव्हा एवढं ओझं न्यायचं कसं म्हणून एक लाकडी पेटी आत्याकडे ठेवून गेली. तीत काचेच्या बेचाळीस स्लाइड्स होत्या, पिवळ्या खोक्यांत रंगीत स्लाइड्स होत्या, काळ्या पानांचा एक अल्बम आणि पाकिटांत निगेटिव्ह होत्या. कोल्हापूर-सांगलीकडून पुण्यात आलेल्या कितीतरी ख्रिस्ती घरांत माळ्यावर असं काहीतरी पडून आहे. आमच्या मंडळीतल्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, सहा घरांच्या ट्रंका उघडायला मी नंतर मदत केली. त्यात जे शिकले ते इथे लिहिते आहे.

पहिल्यांदा, हे फोटो कुणासाठी काढले होते ते समजून घ्या, नाहीतर ते वाचता येणार नाहीत. अमेरिकन प्रेस्बिटेरियन (हा प्रोटेस्टंटांचा एक पंथ) मिशनचं आपल्याकडचं काम कोल्हापुरातलं. मिशनरी रॉयल वाइल्डर १८५२ मध्ये कोल्हापुरात आले आणि १८७० मध्ये ते काम प्रेस्बिटेरियनांच्या अमेरिकेतल्या मिशन बोर्डाकडे गेलं. पुढे रत्नागिरी, सांगली, मिरज, कोडोली, वेंगुर्ला अशी मिशनची ठाणी झाली. मिरजेत डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये हॉस्पिटल उघडलं. सांगली-मिरजेच्या मधली वॉनलेसवाडी त्यांच्याच नावाची. स्कॉटलंडचे मिशनरी त्याही आधी, १८२३ मध्ये, कोकणात बाणकोटला आले आणि तिथून मुंबई-पुण्याकडे सरकले. त्यामुळे पुण्यातल्या घरांत अमेरिकन आणि स्कॉटिश अशा दोन्हीकडच्या वस्तू सापडतात.

मिशनरी दर काही वर्षांनी लांब रजेवर मायदेशी जात. तिकडे गावोगावच्या चर्चमध्ये संध्याकाळी मॅजिक लँटर्न, म्हणजे काचेवरचं चित्र पडद्यावर पाडणारं यंत्र, लावून ‘आमचं हिंदुस्थानातलं काम’ दाखवत, आणि त्यावर वर्गणी गोळा होई. कल्याणच्या पटवर्धनांनी ह्याच यंत्राला ‘शांबरिक खरोलिका’ म्हटलं आणि पौराणिक कथा दाखवल्या. यंत्र तेच, प्रेक्षक वेगळे. मिशनची काच बनली ती देणगीदारांना दाखवायला. म्हणून तीत डॉक्टरचं नाव असतं, इमारतीचं नाव असतं, आणि बाकी माणसं ‘नेटिव्ह ख्रिश्चन्स’, ‘बायबल वुमन’, ‘अ लेपर’, ‘फॅमिन ऑर्फन्स’ अशी उरतात. ती माणसं आपली आहेत. कुणाची पणजी, कुणाचा चुलत आजोबा. माझं सगळं सांगणं ह्यासाठीच आहे की स्कॅनरच्या मागे लागण्याआधी ह्या माणसांची नावं लिहून घ्या. काच नीट ठेवली तर अजून पन्नास वर्षं टिकेल. ती नावं ज्यांना माहीत आहेत ते लोक आज नव्वदीत आहेत.

आता कामाला लागू.

एक मोठं टेबल मोकळं करा, त्यावर धुतलेली जुनी सुती चादर दुपदरी अंथरा. चहा त्या खोलीत आणू नका. पेटी उघडल्याबरोबर काहीही बाहेर काढायच्या आधी फोनवर फोटो काढा: पेटीचं झाकण, आतला क्रम, खोक्यांवरची चिठ्ठी. लँटर्न स्लाइडच्या पेटीला आत खाचा असतात आणि प्रत्येक काचेच्या चिकटपट्टीवर आकडा असतो. हा आकडा भाषणातला क्रम असतो. सतराव्या काचेवर नुसतं ‘द सेम, आफ्टर सिक्स मंथ्स’ एवढंच लिहिलेलं असेल, तर तिचा अर्थ सोळावीशिवाय लागत नाही. आमच्या एका घरात मुलांनी काचा ‘चांगल्या’ आणि ‘खराब’ अशा दोन ढिगांत लावल्या होत्या. तो क्रम परत लावायला मला तीन रविवार लागले, आणि चार काचा अजूनही कुठे बसवायच्या ते कळलेलं नाही.

मग काय-काय आहे ते ओळखा. काचेच्या दोन पातळ तावदानांमध्ये चित्र आणि चारी कडांना काळी कागदी पट्टी, ही लँटर्न स्लाइड. ती मोजा. सव्वातीन इंच बाय चार इंच असेल तर ती अमेरिकन मापाची. सव्वातीन बाय सव्वातीन, चौकोनी असेल तर ब्रिटिश, म्हणजे बहुधा स्कॉटिश मिशनची किंवा मुंबई-पुण्याच्या एखाद्या दुकानात बनवून घेतलेली. नुसत्या फूटपट्टीनं एवढं कळतं, मला हे फार आवडतं. एकच काच असेल आणि चित्र उलटं, म्हणजे पांढरं काळं आणि काळं पांढरं दिसत असेल, तर ती निगेटिव्ह. तिची एक बाजू चकचकीत आणि दुसरी मंद असते, मंद बाजूला बोट लावायचं नाही.

पुठ्ठ्याच्या चौकटीतल्या दोन इंची रंगीत स्लाइड्स साधारण चाळीस ते सत्तरच्या दशकातल्या. कोडॅक कंपनीची कोडॅक्रोम ही रंगीत फिल्म ३५ मिलिमीटरमध्ये १९३६ पासून मिळू लागली. ती ओळखायची खूण म्हणजे स्लाइड उजेडात तिरकी धरली की मागच्या बाजूला चित्र किंचित उठावदार दिसतं, नाण्यावरच्या छापासारखं. कोडॅक्रोमचा रंग अंधारात फार चांगला टिकतो. शेजारच्या खोक्यातल्या दुसऱ्या कंपन्यांच्या स्लाइड्स त्याच वयाच्या असून गुलाबी-लाल पडलेल्या असतील. त्याला तुमची चूक कारण नाही, तो रंगच तसा उडतो. मात्र कोडॅक्रोमसुद्धा प्रोजेक्टरच्या उजेडात झपाट्यानं फिकी होते, तेव्हा ‘एकदा भिंतीवर बघू या’ हा मोह टाळा.

फिल्मच्या निगेटिव्ह असल्या तर कडेवर काय छापलंय ते बघा. ‘सेफ्टी’ असा शब्द असेल तर काळजी कमी. ‘नायट्रेट’ असेल, किंवा फिल्म पिवळी-तपकिरी होऊन चिकटायला लागली असेल आणि नाकाला झोंबणारा उग्र वास येत असेल, तर ती लगेच वेगळी करा, कागदी पाकिटात घाला आणि गॅस, देवघर किंवा मेणबत्तीपासून लांब, हवेशीर जागी ठेवा. नायट्रेट पटकन पेट घेतं आणि एकदा पेटलं की विझत नाही. व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर ती असिटेट, ती पेटायची भीती नाही, पण ती आकसते आणि शेजारच्या फिल्मलाही खराब करते. तीही वेगळी. अशा निगेटिव्हचा नंबर मात्र स्कॅनसाठी पहिला लावा.

काळ ठरवायला कागदाचा फार उपयोग होतो. खोक्यावर, पाकिटावर किंवा पुठ्ठ्याच्या चौकटीवर न्यूयॉर्कचा पत्ता असेल तर तो वाचा. ‘१५६ फिफ्थ अव्हेन्यू’ ही प्रेस्बिटेरियन बोर्डाची जुनी इमारत, १८९५ पासूनची. ‘४७५ रिव्हरसाइड ड्राइव्ह’ असेल तर ते साधारण १९६० नंतरचं. ‘बोर्ड ऑफ फॉरिन मिशन्स’ हा शिक्का १९५८ पर्यंतचा. त्यानंतर १९७२ पर्यंत तेच काम ‘कमिशन ऑन एक्युमेनिकल मिशन अँड रिलेशन्स’ ह्या लांबलचक नावानं चाले. आत्याच्या पेटीतलं एक खोकं मी कित्येक महिने १९४० चं धरून चालले होते, झाकणाच्या आतल्या बाजूला रिव्हरसाइडचा पत्ता निघाला. फोटोच्या आतही खुणा असतात. विजेचा पंखा, नर्सच्या टोपीचा आकार, पाटीवर ‘मुंबई राज्य’ लिहिलंय की ‘महाराष्ट्र’. मे १९६० ची रेघ तिथे स्पष्ट ओढता येते.

आणि काच सुलटी धरली आहे ना, हे तपासा. लँटर्न स्लाइडच्या एका कोपऱ्यावर एक लहान गोल किंवा चौकोनी कागद चिकटवलेला असतो. चित्र हातात सरळ धरून बघताना ती खूण डाव्या हाताला खाली आली पाहिजे. प्रोजेक्टर चालवणारा तिच्यावरच अंगठा ठेवून काच उलटी आत घालायचा. खूण गळून पडली असेल तर बायकांचे पदर बघा. मराठी बायकांचा पदर डाव्या खांद्यावर असतो. चित्रातल्या सगळ्याच बायांचे पदर उजव्या खांद्यावर दिसले तर काच उलटी आहे. एका अमेरिकन संग्रहात मी मिरजेकडचा एक फोटो असा आरशातल्यासारखा उलटा चढवलेला पाहिला. तिकडच्या माणसाला ते कळणं अवघड आहे. आपल्याला एका नजरेत कळतं.

पुसण्याबद्दल मात्र माझं ऐका. माझ्याकडे एक काच होती, हातानं रंगवलेली. हॉस्पिटलच्या व्हरांड्यात नर्सिंग शिकणाऱ्या सात मुली, मधल्या मुलीच्या लुगड्याच्या काठाला कुणीतरी तिकडे बसून बारीक कुंचल्यानं हिरवा रंग भरलेला. काचेवर धुकं धरल्यासारखं दिसत होतं, म्हणून मी ती एका फोटोच्या दुकानात नेली. ‘साफ करून स्कॅन करून देतो’ म्हणाले. त्यांनी काळी पट्टी ब्लेडनं कापली, दोन्ही तावदानं सुटी केली आणि आतली बाजू ओल्या फडक्यानं पुसली. हिरवा काठ गेला. त्याच्याबरोबर त्या मुलीच्या हाताची बोटंही गेली, कारण बुरशी लागलेलं जिलेटिन पाण्यात विरघळतं. काच त्यांनी मला अगदी लखलखीत करून परत दिली.

तेव्हा काळी पट्टी कापायची नाही, ती फाटली असली तरी. वरच्या तावदानाची बाहेरची बाजू तेवढी पुसायची, तीही काच कुठेच तडकलेली नसेल तरच. चष्म्याचं मऊ कापड घ्या, त्यावर डिस्टिल्ड वॉटरचा एक थेंब, आणि मधून कडेकडे, पण पट्टीच्या अलीकडे थांबायचं. मग कोरड्या कापडानं. फुंकर घालायची नाही, तोंडातली वाफ आणि थुंकी दोन्ही जातात. बुरशी कोळ्याच्या जाळ्यासारखी आतल्या बाजूला दिसत असेल तर काही करायचं नाही. कोरड्या जागी ठेवली की ती वाढायची थांबते. काच तडकली असेल तर फेव्हिकॉल नाही, सेलोटेप नाही. त्याच मापाच्या दोन नव्या साध्या काचा कापून आणा, फुटलेली मध्ये ठेवा आणि फक्त नव्या काचांच्या कडांना कागदी टेप लावा.

काळ्या पानांच्या अल्बममधले फोटो काढायला जाऊ नका, पानासकट स्कॅन करा. पानावर पांढऱ्या पेन्सिलीनं लिहिलेलं असतं तेही यायला हवं. सत्तर-ऐंशीच्या दशकातले चिकट पानांचे, वर प्लास्टिक असलेले अल्बम मात्र फोटो खातात. त्यातून फोटो सोडवायला दात साफ करायचा दोरा वापरा, फोटोच्या मागे कोपऱ्यातून घालून हळूहळू करवतीसारखा सरकवत न्या. निघत नसेल तर सोडून द्या.

आता नावं. हे काम मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं आणि ह्याला घाई चालत नाही.

प्रत्येक वस्तूला एक क्रमांक द्या. मी पेटीचा क्रमांक आणि वस्तूचा क्रमांक एवढंच ठेवते: ‘पेटी १, काच १७’. काचेवर काही लिहायचं नाही, तिच्या कागदी पाकिटावर लिहायचं, काच आत घालायच्या आधी. कागदी फोटोच्या मागे लिहायचं तर मऊ पेन्सिलीनं, कडेला, हलक्या हातानं. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो आणि शाई वीस वर्षांत आरपार येते.

नावं विचारायला चांगला स्कॅन लागत नाही. काच खिडकीतल्या पांढऱ्या आभाळापुढे धरून फोननं काढलेला फोटो पुरतो. तो ए-फोर कागदावर मोठा छापून घ्या. ज्यांना विचारायचं त्यांच्या डोळ्यांची ऑपरेशनं झालेली असतात, फोनच्या पडद्यावर त्यांना दिसत नाही आणि दिसत नाही हे ते सांगत नाहीत. ‘असेल कोणीतरी’ म्हणून मोकळे होतात. छापलेल्या कागदावर प्रत्येक माणसाच्या छातीवर गोलात आकडा टाका. एका बैठकीला पाच फोटो, जास्त नाही. रविवारी उपासना सुटल्यावर मंडळी बाहेर रेंगाळते ती वेळ ओळख काढायला चांगली. पण बसायचं घरी, दुपारी जेवणं झाल्यावर.

‘हे कोण?’ हा पहिला प्रश्न नको. जागेपासून सुरुवात करा. कोयना एक्सप्रेसनं मी मिरजेला गेले होते, एका निवृत्त कंपाउंडरांकडे, वय एक्याण्णव. माझ्याकडची तेवीस नंबरची काच त्यांना दाखवली. तिच्या पट्टीवर डॉक्टरांचं नाव आणि पुढे ‘विथ नेटिव्ह असिस्टंट्स’ एवढंच आहे. चित्रात व्हरांड्याच्या पायऱ्या, वर खुर्चीत डॉक्टर, मागे आणि खाली मिळून नऊ जण. आजोबांनी चेहरे बराच वेळ पाहिले आणि मान हलवली. मी म्हटलं, आजोबा, ही जागा कुठली? त्याबरोबर ते पुढे वाकले. म्हणाले, ही मधली पायरी बघ, कडेला झिजलेली. ड्रेसिंगची ट्रॉली उतरवायला इथे फळी टाकायचे, तिच्यानं झिजली. फळी टाकायचं काम एकाच माणसाचं, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसे. आणि त्यांनी सहा नंबरवर बोट ठेवलं. फेटा बांधलेला, एक पाय त्याच पायरीवर टेकवून उभा असलेला माणूस. नाव, गाव, बायकोचं माहेर, मुलगा पुढे कुठे शिक्षक झाला ते सगळं आलं. त्यानंतर अर्ध्या तासात नऊपैकी पाच जणांची नावं झाली, कारण एक सापडला की त्याच्या शेजारी कोण उभं राहायचं ते आठवतं.

म्हणून विचारा: हा दरवाजा कुठे उघडायचा? ही विहीर अजून आहे का? बोर्डिंगच्या मुली कुठे बसायच्या? ह्या झाडाखाली काय असायचं? फोनवर आवाज रेकॉर्ड करा, परवानगी घेऊन. ते सांगतील त्याच शब्दांत लिहा. त्यांनी ‘मडमबाई’ म्हटलं तर मडमबाईच लिहा, इंग्रजी आडनाव नंतर वेगळ्या रकान्यात. दोघांनी एकाच माणसाची दोन वेगळी नावं सांगितली तर दोन्ही लिहा, कुणी सांगितलं आणि कधी त्यासकट, आणि आपण निकाल द्यायचा नाही. जिथे नाव मिळत नाही तिथे ‘अनोळखी’ न लिहिता जे दिसतं ते लिहा: ‘फेटा, उजव्या हातात लिफाफा, वय साधारण पन्नास’. पुढच्या माणसाला तेवढ्यावरूनही आठवू शकतं.

नाव मिळालं की पडताळायला मंडळीच्या नोंदवह्या आहेत. बाप्तिस्म्याची, विवाहाची आणि दफनाची नोंदवही पाळकांना विनंती केली तर बघायला मिळते. बहुतेक ठिकाणी तिथेच बसून वाचावी लागते, आणि ते बरोबरच आहे. कबरस्तानातले दगड बघा. वडीलमंडळींच्या जुन्या सभांची इतिवृत्तं असतील तर तीही. प्रेस्बिटेरियन मंडळीत ‘वडील’ हे पद निवडून दिलेलं असतं, त्यांची नावं त्या कागदांत सालवार असतात, आणि ग्रूप फोटोत पहिल्या रांगेत बसलेले कोटवाले बहुधा तेच.

जुन्या मूळ मथळ्याबद्दल एक. तो कितीही बोचला तरी गाळायचा नाही. ‘हीदन’ (ख्रिस्ती नसलेल्यांसाठीचा तुच्छतेचा शब्द) लिहिलं असेल तर ‘मूळ मथळा’ ह्या रकान्यात जसाच्या तसा ठेवा. शेजारी आपला रकाना करा आणि त्यात नावं लिहा. पुढे कुणी वाचेल तेव्हा त्याला दोन्ही दिसायला हवं, तिकडे काय सांगितलं गेलं आणि ती माणसं खरी कोण होती.

स्कॅनचं थोडक्यात सांगते, कारण त्याची माहिती सगळीकडे मिळते. कागदी फोटो ६०० पीपीआयला (इंचाला किती ठिपके टिपायचे ते माप), छोट्या रंगीत स्लाइड्स ४००० पीपीआयच्या आसपास, लँटर्न स्लाइड १२०० ला पुरते. मूळ फाईल टिफमध्ये, वाटायला जेपेग. रंग दुरुस्त करायचा तो प्रतीवर, मूळ फाईलला हात लावायचा नाही. धूळ आपोआप काढणारी जी सोय स्कॅनरमध्ये असते ती कोडॅक्रोमसाठी आणि काळ्या-पांढऱ्या फिल्मसाठी बंद ठेवा, ती चित्रातलाच तपशील धूळ समजून खाते. एप्सनचा व्ही-६०० पुष्कळांकडे असतो. छोट्या स्लाइड्सना चांगला, पण त्याच्या झाकणातली उजेडाची पट्टी पावणेतीन इंचांहूनही अरुंद आहे, सव्वातीन इंची काच तीत पूर्ण येत नाही.

मी म्हणून काचा कॅमेऱ्यानं काढते. भाच्याचा कॅमेरा आणि मॅक्रो लेन्स, अप्पा बळवंत चौकातून आणलेलं चित्रकारांचं खालून उजेड देणारं ए-फोर ट्रेसिंग पॅड, त्यावर दुधी अ‍ॅक्रिलिकचा तुकडा, आणि कॅमेरा खाली तोंड करून धरणारा स्टँड. पॅडवर काच ठेवली की तिच्या चारी बाजूंचा उजेड काळ्या कागदाच्या चौकटीनं झाकायचा, नाहीतर चित्र धुवट येतं. कॅमेरा काचेला अगदी समांतर हवा. त्यासाठी पॅडवर एक लहान सपाट आरसा ठेवा आणि कॅमेऱ्यातून बघा: लेन्सचं स्वतःचं प्रतिबिंब चौकटीच्या बरोबर मध्यावर दिसेपर्यंत स्टँड हलवा. मग आरसा काढून काच ठेवा. प्रत्येक काचेचे दोन फोटो घ्या, एक नुसत्या चित्राचा, दुसरा पट्टी-चिठ्ठ्यांसकट पूर्ण काचेचा वरून उजेड टाकून. त्या दुसऱ्या फोटोशिवाय आकडा आणि मथळा हातातून जातो.

फाईलींच्या तीन प्रती ठेवा. एक घरी, एक दुसऱ्या घरी, एक इंटरनेटवर. आणि नावांची यादी फाईलींच्या बरोबर, शिवाय कागदावर छापून पेटीतही.

परत ठेवताना काचा आडव्या रचायच्या नाहीत, खालच्या फुटतात. उभ्या, लांब कडेवर, प्रत्येकीला आम्लरहित कागदाचं पाकीट, मधे-मधे पुठ्ठा. नव्या रेनकोटसारखा वास येणारं प्लास्टिक म्हणजे पीव्हीसी, ते नको. पॉलिप्रॉपिलीनच्या पिशव्या चालतात. प्लायवुडच्या कपाटापेक्षा लोखंडी कपाट बरं, आतल्या भिंतीला टेकलेलं, स्वयंपाकघर आणि न्हाणीघरापासून लांब. डांबरगोळ्या अजिबात नाहीत. सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, रंग बदलणाऱ्या घ्या म्हणजे कधी सुकवायच्या ते कळतं, आणि पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी बघा.

सगळं लोकांना दाखवायची घाई करू नका. कुष्ठरोग्यांचे फोटो, ऑपरेशनच्या टेबलावरचे, दुष्काळातल्या उघड्या मुलांचे, हे त्यांना विचारून काढलेले नव्हते. ते मी जपून ठेवले आहेत, स्कॅनही केले आहेत, पण व्हॉट्सअ‍ॅपवर टाकत नाही. ज्या घरातलं माणूस आहे त्या घराला आधी दाखवते. एका बाईंनी आपल्या आजोबांचा फोटो बघितला, हाताची बोटं झडलेली, आणि म्हणाल्या, हा मला द्या, पण कुणाला दाखवू नका. तो मी दिला आणि यादीत त्यापुढे तसं लिहून ठेवलं.

जे दाखवायला हरकत नाही त्याची जोडी तिकडे सापडते का ते जरूर शोधा. प्रेस्बिटेरियन हिस्टॉरिकल सोसायटी फिलाडेल्फियात आहे. मिशन बोर्डाची कागदपत्रं आणि फोटो तिच्याकडे आहेत, आणि ‘पर्ल’ नावाच्या तिच्या डिजिटल संग्रहात त्यातले बरेच घरबसल्या बघता येतात. लॉस एंजेलिसच्या सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाचा इंटरनॅशनल मिशन फोटोग्राफी अर्काइव्ह हा निरनिराळ्या मिशनांच्या फोटोंचा एकत्र संग्रह. स्कॉटिश मिशनचे कागद एडिनबराच्या राष्ट्रीय ग्रंथालयात. शोधताना आजची स्पेलिंगं पुरत नाहीत: पुण्याचं जुनं ‘पूना’ तर आहेच, पण कोल्हापूर जुन्या कागदांत ‘कोलापूर’ असं, हकार गाळून लिहिलेलं असतं. तुमच्या काचेची दुसरी प्रत तिकडे मिळाली तर त्यांना पत्र लिहा आणि नावं कळवा. पोस्टानं काच पाठवायची नाही, फोटो आणि यादी पाठवायची.

पुण्यात जुन्या बाजारात रविवारी आणि बुधवारी कधी-कधी अशा काचा विकायला येतात, सुट्या, पेटीशिवाय. विकत घेतल्यात तर विकणाऱ्याला कुठल्या घरातून आल्या ते विचारून ठेवा. नाव नाही सांगत, पण पेठ सांगतात.

तेवीस नंबरच्या काचेतले चौघे अजून राहिलेत. पायरीवर पाय टेकवलेल्या त्या माणसाचं नाव मी इथे लिहीत नाही, कारण त्यांचा नातू बेळगावला असतो आणि त्याला विचारायचं आहे. पाकिटावर पेन्सिलीनं लिहिलेलं आहे. डॉक्टरांच्या डाव्या हाताला, मागच्या रांगेत, कडेला एक बाई उभी आहे, अर्धा चेहरा खांबाआड. कंपाउंडर आजोबांना ती ओळखू आली नाही. मला तिच्या उभं राहण्यावरून वाटतं ती माझी आजी आहे, पण मला वाटणं हा पुरावा नव्हे, म्हणून यादीत तिच्यापुढे एवढंच आहे: ‘बाई, नऊवारी, चेहरा अर्धा, डाव्या मनगटात काळा दोरा’. येत्या जानेवारीत आजीची धाकटी बहीण, वय चौऱ्याण्णव, कोडोलीहून पुण्याला मुलाकडे यायची आहे. कागद मोठा छापून ठेवलाय.